तीच का ही मोटार?



1990 सालच्या जुलै महिन्यात लंडनच्या उच्च न्यायालयात न्यायमूर्ती ओटन यांच्यापुढील एक दावा निकालात निघाला. रक्कम होती एक कोट पौंड. एक मोटार विकण्याचा करार झाला होता आणि खरेदी करणारी कंपनी ऐन वेळी मागे सरली होती. तिचे म्हणणे असे की, जी मोटार म्हणून आम्ही सौदा केला ती मोटार ही नव्हेच. मालक म्हणत होता, हीच ती. साठ वर्षांपूर्वी फ्रान्समधील ल माँ येथे लागोपाठ दोन वर्षे पहिली आलेली बेंटली मोटार आणि सांप्रत विकावयास काढलेली मोटार, या दोन्ही एकच की नाहीत, हे न्यायमूर्तींनी ठरवावयाचे होते. मनुष्याच्या बाबतीत असा वाद निघाला तर आईची साक्ष काढता येते, जन्मखूण पाहता येते. मोटारीची जन्मखूण कोठे शोधावयाची?

या मोटारीला ‘ओल्ड नंबर वन’ म्हणतात. 1929 च्या शर्यतीत तिच्या अंगावर 1 हा आकडा रंगविलेला होता. 1930 साली तिला 4 हा आकडा मिळाला. परंतु नाव एकदा पडले ते पडले. नावाचा हा हट्ट श्रोत्यांनी ध्यानात ठेवावा, कारण पुढे सारा दावा त्याच्याच भोवती फिरणार आहे.

ही मोटार घडविणारा गृहस्थ वॉल्टर ओवेन बेंटली. जन्म 1888 चा. डाँकॅस्टर येथील रेल्वेच्या कारखान्यात त्याने उमेदवारी केली आणि वाफेच्या एंजिनाचे प्रेम तेथून जे अंगी भिनले ते जन्मभर टिकले. पहिल्या महायुद्धात त्याने विमानांची एंजिने रचली आणि 1919 साली स्वतःची मोटार कंपनी काढली. तिचा कारखाना पुढे लंडनच्या उत्तरेस क्रिकलवुड येथे उभा राहिला. ल माँच्या चोवीस तासांच्या शर्यतीची कल्पना प्रथम निघाली तेव्हा हा मनुष्य तिला वेडेपणा समजत होता. शनिवारी दुपारी निघून रविवारी दुपारपर्यंत, रात्रीच्या अंधारासह, सामान्य रस्त्यांवरून मोटार पळवावयाची. ती टिकणार कशी? तथापि 1923 साली जॉन डफ नावाचा त्याचा एक गिऱ्हाईक स्वतःची तीन लिटरची बेंटली घेऊन तेथे गेलाच. त्या मोटारीला पुढच्या चाकांचे ब्रेकही नव्हते. वाटेत दगड उडून पेट्रोलची टाकी फुटली. डफ पायी धावत तळावर आला आणि त्याचा जोडीदार क्लेमंट सायकलवर पेट्रोलचे डबे घेऊन परत मोटारीपाशी गेला. एवढे होऊनही ते चौथे आले. बेंटली स्वतः हे सारे पाहण्यास हजर होता. पुढच्याच वर्षी याच जोडीने शर्यत जिंकली. मग 1927, 1928, 1929 आणि 1930, अशा एकूण पाच शर्यती क्रिकलवुडच्या मोटारींनी जिंकल्या.

त्यांतील अखेरच्या दोन आपल्या नायिकेच्या. तिची जात ‘स्पीड सिक्स’. एका ओळीत सहा सिलिंडर, प्रत्येकाला चार झडपा, एकूण मापन साडेसहा लिटरांहून किंचित अधिक. एंजिनाच्या माथ्यावरील कॅमशाफ्ट फिरविण्यासाठी इतर कारखानदार साखळी किंवा दंतचक्रे योजीत. बेंटलीने तेथे तीन दांड्यांची रचना केली. रेल्वे एंजिनाची चाके एकमेकांशी जोडणारे दांडे ज्याने पाहिले असतील त्याला ही कल्पना कोठून आली हे सांगावयास नको. मोटार अवजड होती, उंच होती, डौलापेक्षा दणकटपणा तिच्यात अधिक होता. नाजूक आणि हलक्या मोटारी घडविणाऱ्या एतोरे बुगाटीने बेंटलींना जगातील सर्वांत वेगवान मालमोटारी म्हटल्याचे सांगतात. थट्टा झोंबणारी खरी. परंतु चोवीस तासांनी पहिले कोण येत होते हेही पाहिले पाहिजे.

दोन्ही वर्षी तिच्या सुकाणूवर बसलेला एक मनुष्य सारखाच होता, तो वुल्फ बार्नाटो. त्याच्या बापाने किंबर्लीच्या हिऱ्यांच्या खाणींत अफाट संपत्ती मिळविली होती. त्या संपत्तीचा एक ओघ मुलाने बेंटली कंपनीकडे वळविला आणि 1926 साली तो तिचा अध्यक्ष झाला. हौशी श्रीमंत म्हणून त्याला बाजूस सारणे सोपे आहे; परंतु खुद्द बेंटलीने त्याला आपल्या सर्व चालकांत श्रेष्ठ मानले. ल माँला तो तीनदा उतरला आणि तिन्ही वेळा जिंकला. क्रिकेटच्या शोकिनांसाठी एक गोष्ट जाता जाता सांगतो: सरे परगण्याच्या संघात हाच बार्नाटो यष्टिरक्षक म्हणूनही उभा राहिलेला आहे.

1929 साली त्याचा जोडीदार टिम बर्किन होता. दोघांनी मिळून त्या चोवीस तासांत 2,800 किलोमीटरांहून अधिक अंतर तोडले; पहिल्या चारही जागा बेंटलींनी पटकावल्या. 1930 साली ग्लेन किडस्टन जोडीला होता. त्या वर्षी जर्मनीचा रूडॉल्फ काराचिओला आपली मर्सिडीज घेऊन आला होता. त्या मोटारीत हवा दाबून भरणारा यंत्रभाग चालू केला की तिचा वेग एकाएकी वाढे. परंतु तो फार वेळ चालू ठेवणे एंजिनाला सोसणारे नव्हते. बर्किन दुसऱ्या एका बेंटलीवर होता. दोन चाके रस्त्याकडेच्या गवतात घालून त्याने मर्सिडीजला मागे टाकले आणि त्याच भरात आपला एक टायर फाडून घेतला. ‘ओल्ड नंबर वन’ मात्र शांतपणे पाठलागावर राहिली. रात्री केव्हातरी मर्सिडीज बंद पडली. सकाळ झाली तेव्हा बार्नाटो आणि किडस्टन यांना केवळ मोटार सांभाळून नेणे उरले होते, आणि 2,900 किलोमीटरांहून अधिक अंतर काटून त्यांनी ती नेली.

आता येथे एक गोष्ट उघड करून सांगितली पाहिजे, नाहीतर पुढील वादाचे मर्म कळणार नाही. 1929 साली जिंकलेली मोटार 1930 साली पुन्हा जिंकली असे आपण म्हणतो तेव्हा मधल्या बारा महिन्यांत कारखान्यात काय झाले असेल याचा विचार आपण करीत नाही. शर्यतीची मोटार ही पूजेतील मूर्ती नव्हे. ती नांगराच्या फाळासारखी झिजण्यासाठीच असते. एका शर्यतीनंतर एंजिन उतरते, पिस्टन बदलतात, ब्रेकची कड गेलेली असते, स्प्रिंगा बसलेल्या असतात, कधी मूळ सांगाड्यालाच तडा जातो. कारागीर खराब भाग काढतो, नवा बसवितो, आणि जुना भाग भंगारात टाकतो. पुढे कधीतरी कोणी न्यायाधीश या लोखंडाची जन्मपत्रिका मागेल असे त्याच्या स्वप्नातही येत नाही. त्याला पुढची शर्यत दिसत असते. तेव्हा ज्या मोटारीने खूप शर्यती मारल्या तिच्यात मूळचे लोखंड कमी उरावयाचे, आणि जी कोठेच धावली नाही ती मात्र जशीच्या तशी राहावयाची, हा या धंद्याचा उघड न्याय आहे.

1930 च्या विजयानंतर बेंटली कंपनीने शर्यतींतून अंग काढून घेतले. जगभर मंदी होती, लाखाच्या मोटारी घेणारे हात आखडले होते, आणि बार्नाटोनेही आणखी पैसा ओतण्याचे नाकारले. 1931 साली कंपनी बुडाली. रोल्स-रॉइसने स्वतःचे नाव पुढे न येऊ देता एका मध्यस्थ संस्थेमार्फत ती विकत घेतली. ‘ओल्ड नंबर वन’ मात्र धावत राहिली, आता इंग्लंडातील ब्रुकलंड्सच्या वर्तुळावर.

ब्रुकलंड्स 1907 साली सरे परगण्यात बांधले गेले. तो काँक्रीटचा प्रचंड वाटोळा मार्ग असून त्याची एक फेरी पावणेतीन मैलांची होती. वळणावर वेग कमी करावा लागू नये म्हणून तेथे काँक्रीट विहिरीच्या काठासारखे उभे उचललेले होते, काही ठिकाणी तीस फुटांच्या आसपास. मोटार जितकी वेगात असेल तितकी ती या उतारावर वर चढे. वरच्या कडेला मात्र कठडा असा नव्हता. कडेपलीकडे झाडे आणि खाली जमीन.

1932 साली या मोटारीत आठ लिटरचे एंजिन बसविण्यात आले. सिलिंडरांचा व्यास वाढला, शक्ती वाढली, वजनही थोडे वाढले असावे. त्या वर्षीच्या 24 सप्टेंबरला पाचशे मैलांची शर्यत होती. क्लाइव्ह डन्फी सुकाणूवर होता. दुसऱ्या मोटारीला मागे टाकताना तो उतारावर फार वर गेला, मोटारीची चाके कडेवर चढली आणि मोटार पलीकडे कोसळली. डन्फी जागीच गेला. त्याचा भाऊ जॅक हाही याच मोटारीचा चालक होता.

यानंतर बार्नाटोने जे केले ते मला या साऱ्या इतिहासात सर्वांत बोलके वाटते. त्याने ती मोटार भंगारात दिली नाही आणि पुन्हा शर्यतीलाही उतरविली नाही. तिची दुरुस्ती करवून तिच्यावर बंद छताची, दोन माणसांच्या बैठकीची कूपे-बांधणी चढविली आणि ती रस्त्यावरची मोटार झाली. घोड्याला शर्यतीतून काढून घराच्या गाडीला जुंपावे तसे. पुढे मालक बदलले, वर्षे गेली, कूपेची ती बांधणीही गेली, आणि अखेरीस ल माँच्या दिवसांतील उघड्या मोटारीचा वेश तिला पुन्हा चढविण्यात आला. विक्रीसाठी निघाली ती या वेशात.

7 एप्रिल 1990 रोजी सौदा ठरला. जुन्या मोटारींच्या किमती त्या काळात चक्रावून टाकणाऱ्या झाल्या होत्या; एक कोट पौंड हा आकडा तरीही सर्वांना अवाक् करणारा होता. त्यानंतर खरेदीदाराला शंका आली, आणि न्यायालयात तज्ज्ञांनी मोटारीचा एकेक भाग तपासून साक्षी दिल्या. त्यांतून जो ताळेबंद निघाला तो असा. 1929 च्या विजयी मोटारीपैकी निश्चयाने दाखविता येईल असे काहीही उरलेले नाही. उरले असलेच तर काही किरकोळ जोडसामान, ज्याचे वय सांगता येत नाही. 1930 च्या मोटारीपैकी पेडलांचा दांडा, गिअरबॉक्सचे कवच आणि सुकाणूचा दांडा एवढे. 1932 च्या, म्हणजे डन्फीच्या मोटारीपैकी मात्र पुष्कळ: सांगाडा, स्प्रिंगा आणि त्यांचे आधार, पुढची आस, मागच्या आसाचे कवच, मागचे ब्रेक, आणि ते आठ लिटरचे एंजिन.

हा ताळेबंद ऐकताना ज्यांनी पाली वाङ्मय वाचले आहे त्यांना ‘मिलिंदपञ्ह’ आठवल्यावाचून राहणार नाही. सागल नगरीचा यवन राजा मिलिंद भिक्षू नागसेनाकडे वाद घालण्यास जातो. नागसेन त्याला विचारतो की राजा पायी आला की रथाने. रथाने, असे राजा म्हणतो. मग नागसेन एकेक वस्तू घेऊन विचारीत जातो: आस म्हणजे रथ काय? चाके म्हणजे रथ काय? सांगाडा, जू, लगाम? प्रत्येकाला राजाला नकार द्यावा लागतो, आणि या सर्वांच्या बाहेर काही वेगळा रथ आहे काय या प्रश्नालाही त्याला नकारच द्यावा लागतो. शेवटी हे सारे भाग एकत्र आले असता त्यांना ‘रथ’ हे नाव पडते, इतकेच खरे ठरते. दोन हजार वर्षांनी लंडनला नेमका तोच संवाद घडला. फरक एवढाच की या वेळी रथाची किंमत ठरलेली होती आणि दोन्ही बाजूंना वकील होते.

खरेदीदाराची बाजू हसण्यासारखी मुळीच नव्हती. एक कोट पौंड मोजणारा मनुष्य नावाचे वाफाळ मोजीत नाही. त्याला ते पोलाद हवे असते, जे त्या रात्री तापले, ज्याच्यावर बार्नाटोच्या हाताचा घाम पडला. ते पोलाद कधीच भंगारात गेले असेल तर त्याने काय विकत घेतले? पुरीच्या जगन्नाथाचे तिन्ही रथ दर वर्षी नव्या लाकडाचे होतात आणि तरीही नंदिघोष हा नंदिघोषच राहतो, हे आपल्याला पटते. कारण तेथे देवता आत बसावयाची असते आणि रथ विकावयाचा नसतो. बाजारात हा युक्तिवाद किती चालेल याची शंका घेण्याचा हक्क गिऱ्हाइकाला आहेच.

न्यायमूर्ती ओटन यांनी या शंकेला जे उत्तर दिले त्याचा आशय असा. नवे भाग या मोटारीत आले ते एकदम आले नाहीत. ते क्रमाने, पुष्कळ काळात, जुन्यांत मिसळत गेले. आणि कोणताही क्षण घेतला तरी त्या क्षणी ती मोटार आपली ओळख गमावून बसली असे म्हणता येत नाही. सलग चार हंगाम ती पहिल्या प्रतीच्या शर्यतींत धावत होती. शिवाय या नावावर हक्क सांगू शकेल अशी दुसरी बेंटली जगात नाही, कधी नव्हतीही. मूळ स्थितीतील मोटार असे तिला म्हणता येणार नाही. परंतु ती नक्कलही नव्हे, आणि जुन्या तुकड्यांवरून उभारलेली केवळ पुनर्रचनाही नव्हे. ‘ओल्ड नंबर वन’ हे नाव तिला प्रमाणपणे लागू पडते. विक्रीस काढले होते ते लोखंड तर होतेच; त्याबरोबर तिचा इतिहास आणि तिची कीर्तीही होती. निकाल मालकाच्या बाजूने लागला.

मला हा निर्णय न्याय्य वाटतो, आणि तो केवळ कायद्यापुरता नव्हे. आपल्याकडे वाड्याची तुळई बदलते, भिंत पडून पुन्हा उठते, कौले उतरतात. तरी वाडा आजोबांचाच राहतो, कारण मध्ये एकही दिवस असा गेला नाही की तेथे चूल पेटली नाही. सातत्य हाच येथे खरा पुरावा. उलट सातत्य नसेल तर कोरे करकरीत लोखंडही उपयोगी पडत नाही. याचे उदाहरण बार्नाटोच्याच दुसऱ्या एका मोटारीचे आहे.

1930 सालच्या मार्च महिन्यात बार्नाटोने पैज मारली की, फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावरून निघणारी ‘ब्लू ट्रेन’ उत्तरेस कॅलेला पोचण्यापूर्वी मी मोटारीने लंडन गाठीन. कानहून तो निघाला, रात्रभर पाऊस आणि धुके यांतून मोटार हाकली, खाडी ओलांडली आणि पैज जिंकली. या पराक्रमाचे श्रेय पुढे कित्येक वर्षे गर्नी नटिंग यांनी बांधलेल्या एका देखण्या कूपेला मिळत राहिले. उतरत्या छताची ती मोटार खरोखरच मोहक आहे; आगगाडीशी झुंजताना तिला दाखविणारे टेरेन्स क्युनिओचे चित्रही प्रसिद्ध आहे. पुढे कागदपत्रे तपासली तेव्हा दिसून आले की ही कूपे बार्नाटोच्या हाती पडली तीच मुळी मे महिन्यात. पैज मारली त्या रात्री ती पुरी बांधून झालेलीच नव्हती! बार्नाटो ज्या मोटारीतून गेला ती एक साधी बंद बेंटली होती. कूपेचे लोखंड अस्सल आहे, मालक तोच आहे, साल तेच आहे. फक्त ती तेथे नव्हती. आणि ‘ओल्ड नंबर वन’चे लोखंड पुष्कळसे गेले आहे, पण ती तेथे होती. या दोहोंत कोणती गोष्ट मोलाची हे ज्याचे त्याने ठरवावे. माझा कौल उघड आहे.

तथापि एका गोष्टीची खंत मला न्यायमूर्तींच्या निर्णयानंतरही राहते. तिला पुन्हा ल माँचा वेश चढविला गेला याची. ज्या मित्रमंडळींत बार्नाटो वावरला त्यांतील एक मनुष्य या मोटारीत मेला, आणि तिच्यावर कायमचे छत घालून त्याने तिला शर्यतीपासून दूर केली. ती कूपे ही त्या मोटारीच्या आयुष्यातील एक खरी अवस्था होती; तिच्या स्वतःच्या मालकाने तिला दिलेली. तिच्या जागी 1929 च्या विजयाचा देखावा उभा केला म्हणजे पाहणाऱ्याला टाळ्यांचा आवाज ऐकू येतो, ब्रुकलंड्सच्या कडेपलीकडची ती शांतता ऐकू येत नाही. इतिहास सांभाळणाऱ्यांना नेहमीच विजयाची तारीख आवडते. जुनी देवळे दुरुस्त करताना मधल्या शतकांतील साधे बांधकाम पाडून ‘मूळ’ रूप आणण्याचा जो उत्साह दिसतो, त्याच जातीचा हा उत्साह आहे.

त्या चालकांचे पुढे काय झाले तेही सांगतो. किडस्टन 1931 साली दक्षिण आफ्रिकेत विमान कोसळून गेला. बर्किन 1933 साली गेला. त्रिपोलीच्या शर्यतीत हाताला भाजल्यानंतर तो फार दिवस जगला नाही. बार्नाटो 1948 पर्यंत होता. मोटार या सर्वांच्या मागे राहिली. तिच्या सुकाणूचा दांडा 1930 चा आहे, म्हणजे किडस्टन आणि बार्नाटो यांनी ज्यावरून मोटार वळविली तोच. बॉनेट उघडले तर मात्र दिसते ते 1932 चे आठ लिटरचे एंजिन.